मोटारसायकल, हवाशीतित चार सिलिंडरांची
एंजिन पाण्याऐवजी वाहत्या हवेने थंड ठेवणारा मोटारसायकलीचा एक शक्तिशाली प्रकार. बेल्जियमच्या एफ. एन. कंपनीची अशी गाडी १९०५ च्या सुमारास विक्रीस आली. परंतु तीत सिलिंडर एकामागे एक होते. एडवर्ड टर्नर यांनी एरिअल स्क्वेअर फोरमध्ये (१९३१) ते चौकोनात मांडले, तेव्हा मागील जोडी पुढच्या जोडीच्या आडोशास राहून फाजील तापे. जपानच्या होंडा कंपनीने सीबी ७५० मध्ये (१९६९) चारही सिलिंडर आडव्या ओळीत, वाऱ्यासमोर ठेवले. या एंजिनाची धारणा ७३६ घ. सेंमी., शक्ती मिनिटास ८,००० फेऱ्यांना ६७ अश्वशक्ती व गाडीचा कमाल वेग ताशी सु. २०० किमी. होता, पुढील चाकास द्रवचलित चकती-गतिरोधक होता. खानदेशात परिचित असलेल्या ३४६ घ. सेंमी. बुलेटची शक्ती १८ अश्वशक्ती होती.

तथापि अशा एंजिनाची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. जळगाव-धुळे भागात मे महिन्यात पारा ४५° से. पर्यंत चढतो. शीतक पंखांचे तापमान १४५° से. धरल्यास २०° से. च्या हवेत तापमानांतर १२५°, तर ४५° से. च्या हवेत १००° पडते; म्हणजे त्याच वेगाला उष्णताव्यय एक-पंचमांशाने घटतो. धुळे-पारोळे-एरंडोल मार्गावरील मोकळ्या दौडीत वाऱ्याचा झोत पुरेसा असतो. बंद रेल्वे फाटकापाशी मात्र वाराच नसतो. तेथे मधल्या दोन सिलिंडरांना झळ अधिक बसते, तेल पातळ होते व वंगणाचा थर क्षीण होतो. अशा वेळी एंजिन बंद करणेच इष्ट.