धूळपाटी ते डिजिटल फळा

आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत डिजिटल फळा बसवावा, अशी सूचना यंदा कित्येक हितचिंतकांनी मंडळाकडे केली आहे. हा खर्च ज्ञातिबांधवांच्या कष्टाच्या पैशातून व्हावयाचा असल्याने, फळ्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सादर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पंतोजींच्या शाळेत फळा नव्हता. होती ती धूळपाटी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावी, बोटाने वा काडीने अक्षर गिरवावे आणि चुकल्यास हात फिरवून पुसावे. साधन क्षुल्लक खरे. परंतु प्रत्येक मुलाचा हात स्वतः अक्षराशी झुंजत असे. मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली व तीच रीत आपल्या शाळेत सुरू केली. थोरल्या मुलांनी धाकट्यांस शिकवावे, ही पद्धतही त्यांनी तेथे रुजविली. या प्रयोगाचा वृत्तान्त १७९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि विलायतेतील गरिबांच्या शाळांतही मुले वाळूत अक्षरे गिरवू लागली.

तथापि या गौरवाच्या भरात एक गोष्ट विसरता येत नाही. आपल्याकडे अक्षरापुढे बसण्याचा अधिकार सर्वांस नव्हता. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा क्रांती घडली ती साधनात नव्हे, तर साधनापुढे कोणी बसावे यात.

एकोणिसाव्या शतकात काळा फळा प्रचारात आला. एकाचे लेखन सबंध वर्गास एकदम दिसू लागले, हा मोठाच लाभ. मात्र खडू बहुतांशी गुरुजींच्या हाती राहिला. आपल्या देशात तर साधा फळाही सर्व शाळांस लाभला नव्हता. म्हणून १९८७ साली सरकारला खडू-फळा मोहीम हाती घ्यावी लागली.

दरम्यान १९९१ साली कॅनडातील स्मार्ट कंपनीने डिजिटल फळा बाजारात आणला. संगणकावरील चित्र फळ्यावर उमटावे, स्पर्शाने ते हलवावे, त्यावर लिहावे आणि लिहिलेले जतन करावे, अशी ही सोय. लंडनच्या माध्यमिक शाळांत २००३-०४ मध्ये सरकारी खर्चाने असे फळे मोठ्या प्रमाणावर बसविले गेले. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पहिल्या वर्षी तरी विद्यार्थ्यांच्या गुणांवर त्यांचा ठळक परिणाम आढळला नाही. आपल्या सरकारनेही २०१९ साली डिजिटल फळ्यांची मोहीम जाहीर केली.

यावरून आम्हांस इतकेच सुचवावयाचे आहे की, फळा अवश्य घ्यावा. परंतु त्याआधी तो वापरणाऱ्या शिक्षकास शिकवावे, दुरुस्तीची तरतूद करावी आणि मागच्या बाकावरील मुलामुलींचे बोटही फळ्याला लागेल अशी व्यवस्था ठेवावी. नपेक्षा तो भिंतीवरील शोभेची वस्तू ठरेल, आणि दात्यांच्या कष्टाचे चीज होणार नाही.