दाखवणारा हात, चालवणारा हात

दूरच्या कॉम्प्युटरवर ताबा मिळवण्याचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी टेलिफोनची तार, मग मोडेम, मग ब्रॉडबँड, आणि आता फोनवर एक आकडा सांगितला की उघडणारी स्क्रीन. यात खोटे काही नाही, पण अंतराचा अडथळा पुष्कळ लवकर ओलांडला गेला होता. सप्टेंबर १९४० मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेत हॅनोव्हर येथील गणितज्ञांच्या परिषदेत एक टेलिटाइप मांडला आणि त्यावरून न्यूयॉर्कमधल्या बेल लॅब्जच्या गणनयंत्राकडून उदाहरणे सोडवून घेतली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या सुरुवातीच्या संगणक-जाळ्यावरून गेलेला पहिला संदेश म्हणजेही लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या यंत्रात लॉगिन करण्याचा प्रयत्न होता. दोन अक्षरे पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. दोन्ही ठिकाणी पलीकडचे यंत्र संस्थेचे होते, कोणा एकाचे खासगी नव्हते. त्यामुळे दोन हात एकाच वेळी एका पडद्यावर आले तर शब्द कोणाचा चालायचा, हा प्रश्नच तिथे उद्भवला नाही. या तंत्राच्या घडणीत तोच प्रश्न मला मध्यवर्ती वाटतो, आणि त्याचे उत्तर सुरुवातीलाच सापडले होते, पुढे ते हातचे गेले, असे माझे म्हणणे आहे.

ते उत्तर ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दिसले. डग्लस एंगलबार्ट यांचे त्या दिवशीचे प्रात्यक्षिक माउससाठी प्रसिद्ध आहे, पण त्याचा उत्तरार्ध अधिक विचार करण्यासारखा आहे. यंत्र सुमारे तीस मैलांवर मेन्लो पार्कमध्ये होते, चित्र मायक्रोवेव्हने येत होते, आणि तिथे बसलेले बिल पॅक्स्टन एंगलबार्टांच्याच पडद्यावर काम पाहत होते. पडद्यावर दोन कर्सर फिरत होते, मात्र त्यांचा दर्जा सारखा नव्हता. पॅक्स्टन यांना बोट दाखवता येत होते. मजकुरात फेरफार करण्याचा हक्क एंगलबार्टांनी मुद्दाम स्वतःकडे राखला होता आणि तसे त्यांनी श्रोत्यांना गमतीने सांगितलेही. बघणे, दाखवणे आणि चालवणे हे तीन वेगळे अधिकार आहेत, ही जाण पडदा पहिल्यांदा वाटून घेतला गेला त्याच दिवशी तिथे होती.

पुढे ती विरली, आणि याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. कारण पुढची साधने ज्या गरजेतून जन्मली त्या गरजेत आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेचे उदाहरण बोलके आहे. १९९० च्या दशकात तिथले लोक अंगावर इन्फ्रारेड बिल्ला लावून वावरत आणि आपला डेस्कटॉप जवळच्या पडद्यावर बोलावून घेत. माणूस फिरेल तसे त्याचे काम त्याच्यामागे फिरावे, ही कल्पना. तिच्याच पुढच्या वाटचालीत व्हीएनसी हे दूरचा डेस्कटॉप चालवण्याचे साधन तयार झाले आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची रचना थक्क करण्याइतकी साधी आहे: एका दिशेने रंगीत ठिपक्यांचे आयत जातात, उलट दिशेने कळा आणि माउसच्या हालचाली येतात. या साधेपणामुळे ते जवळपास कुठल्याही यंत्रावर चालले. पण पलीकडून आलेली कळ कोणाच्या बोटाची, हे डेस्कटॉपला कळण्याची सोय त्यात नव्हती. ती लागणारही नव्हती, कारण दोन्ही टोकांना एकच माणूस आहे असे गृहीत होते. स्वतःच्या घराची किल्ली बनवताना पाहुण्याचा विचार कोण करतो?

यावर जाणकार लगेच म्हणतील की व्हीएनसीत ‘फक्त पाहा’ हा पर्याय आहे, शिवाय १९८६ पासूनचे पीसीएनिव्हेअर हे दूरनियंत्रणाचे साधन तर इतरांना मदत करण्यासाठीही वापरले जात होते आणि त्यातून काही आकाश कोसळले नाही. दोन्ही खरे. पण पर्याय म्हणजे नियम नव्हे. नियम तो, जो काही न निवडता लागू होतो. आणि आकाश कोसळले नाही याचे श्रेय साधनापेक्षा भोवतालच्या भिंतींना आहे. मदत करणारा त्याच कंपनीचा, नंबर ओळखीचा, गडबड झाली तर जाब विचारायला साहेब जागेवर. व्हीएनसी खुले झाले त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या हॅकर गटाने बॅक ओरिफिस नावाचे साधन जाहीर केले. विंडोजचे यंत्र मालकाच्या नकळत दुरून हाताळता येते, हे त्याने दाखवून दिले. मदतीचे साधन आणि घुसखोरीचे साधन यांत तंत्राचा फरक फारसा नव्हता. फरक संमतीचा होता, आणि संमती मोजण्याचे यंत्र कोणाकडेच नव्हते.

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपीत हा फरक पुन्हा मांडून पाहिला, हे त्यांच्या पदरात टाकायला हवे. रिमोट डेस्कटॉप मालकासाठी होता: तो जोडला की समोरच्या पडद्याला कुलूप लागे. रिमोट असिस्टन्स मदतनिसासाठी होता: बोलावणे धाडायचे, त्याला मुदत असे, मदतनीस आधी फक्त पाहू शके, ताबा हवा तर वेगळी परवानगी मागे, आणि एस्केपची कळ दाबताच तो ताबा सुटे. एंगलबार्टांच्या रचनेच्या इतके जवळ दुसरे कुठले घरोघरी पोचलेले साधन गेल्याचे आढळत नाही. तरी ते मागे पडले. बोलावणे ईमेलने किंवा मेसेंजरने धाडायचे, मध्ये राउटर आला की जोडणी अडायची, आणि ज्याला मदत हवी त्याला ही धडपड झेपत नसे. २००५ मध्ये जर्मनीत निघालेल्या टीमव्ह्युअरने मधला सर्व्हर स्वतः चालवून राउटरचा अडसर काढला आणि बोलावण्याच्या जागी आकडा आणि पासवर्ड ठेवला. सोय जिंकली. आपल्याकडे टॅलीच्या दुरुस्तीपासून प्रिंटरच्या ड्रायव्हरपर्यंत ‘आयडी सांगा, रिमोट घेतो’ हे वाक्य ज्या सहजतेने बोलले जाते, ती या सोयीची कमाई आहे. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत रात्रपाळीला बसून परदेशातली यंत्रे सांभाळणाऱ्यांचे कामही अशाच जोडण्यांवर उभे आहे. हे सगळे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण आकडा सांगणे ही संमती असेल, तर ती फोनवरून कोणीही मिळवू शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले ते यासाठीच. एनीडेस्क हे दूरनियंत्रणाचे अ‍ॅप डाउनलोड करायला लावून ग्राहकाकडून नऊ अंकी कोड मिळवायचा, परवानग्या द्यायला लावायच्या आणि मग यूपीआयवरून पैसे काढायचे, ही फसवणुकीची पद्धत त्या इशाऱ्यात वर्णिलेली होती. अ‍ॅप स्वतः कायदेशीर होते, परवानगीही मालकानेच दिलेली होती. ‘मग दोष मालकाचा’ हा युक्तिवाद इथे हमखास येतो. तो लंगडा आहे, कारण मदत मागणारा माणूस व्याख्येनेच कमी जाणणारा असतो, आणि निवाड्याचा सगळा भार आपण त्याच्यावर टाकतो.

याहून वजनदार आक्षेप माझ्या मूळ म्हणण्यावर आहे. बघणे आणि चालवणे वेगळे ठेवले असते तरी भामट्याचे काय अडले असते? ओटीपी नुसता दिसला तरी पुरतो. आक्षेप मान्य करावाच लागतो. १९६८ च्या पडद्यावर चोरण्यासारखे काही नव्हते, म्हणून बघण्याचा हक्क मोकळा सोडणे परवडले. आज पडद्यावरचा मजकूरच किमती आहे, तेव्हा कोण चालवणार याबरोबर काय दिसणार याचीही वाटणी करावी लागते. स्क्रीन शेअर सुरू असताना अनेक बँकांची अ‍ॅप पलीकडे काळी चौकट तेवढी दाखवतात किंवा उघडतच नाहीत, ती अशीच वाटणी आहे. मात्र ती दूरनियंत्रणाच्या साधनांनी आपण होऊन केलेली नाही. ज्यांचे पैसे जात होते त्या बाजूने ती आली आहे.