सोडियम मार्गिका, मूत्रपिंडातील

मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशीपटलावरील, मूत्रातून सोडियम आयन पेशीत घेणारी प्रथिनमय वाट. संक्षेप : ईनॅक.

शोध : स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेसिलिया कानेसा, बर्नार रॉसिए व सहकाऱ्यांनी १९९३-९४ मध्ये उंदराच्या मोठ्या आतड्यातून तिच्या आल्फा, बीटा व गॅमा या उपघटकांची जनुके वेगळी केली.

कार्य : मूत्रपिंडे रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सोडियम नलिकेच्या आधीच्या भागांतच परत शोषले जाते. उरलेल्या अल्प अंशाचे नियमन नलिकेच्या शेवटच्या भागात व संग्राहक नलिकेत ईनॅक करते. रक्तदाब उतरला की रेनिन व अँजिओटेन्सिनमार्फत अल्डोस्टेरॉन स्रवते (पहा : अधिवृक्क ग्रंथी) आणि पटलावरील मार्गिका वाढतात. आत आलेले सोडियम पेशीच्या दुसऱ्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप रक्ताकडे ढकलतो. त्यामागोमाग पाणी शोषले जाते, रक्ताचे आकारमान व दाब वाढतो, तर पोटॅशियम मूत्रावाटे जाते. नेड४-२ हे प्रथिन जादा मार्गिका पटलावरून काढून घेते.

महत्त्व : बीटा किंवा गॅमा उपघटकातील उत्परिवर्तनामुळे ही काढणी थांबल्यास तरुणपणीच उच्च रक्तदाब होतो. ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णिलेला हा आनुवंशिक विकार ‘लिडल संलक्षण’ होय. उलट, मार्गिका निकामी असल्यास नवजात बालकाच्या मूत्रावाटे मीठ वाहून जाते. अमिलोराइड हे औषध मार्गिका बंद करते, स्पिरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला रोखते (पहा : मूत्रल औषधे, रक्तदाब).