लघुपट, बालपण आणि घर : ल्युमिएरच्या बाळापासून ‘पिस्तुल्या’पर्यंत

१/
परतूर तालुक्यातील वाटूर हे जालना–मंठा रस्त्यावरचे गाव. आज तेथील एखाद्या मुलाने खिशातून मोबाईल काढला आणि चुलीपुढे बसलेल्या आजीचे दोन मिनिटांचे चित्रण केले, तर कुणाला त्याचे नवल वाटत नाही. या साध्या कृतीमागे मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. घर आणि बालपण पडद्यावर आणण्याचा अधिकार कुणाकडे होता आणि तो कसा पसरत गेला, याचा हा धागा.

२/
आरंभ पॅरिसमध्ये होतो. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला. त्यातील दहा चित्रफितींपैकी एक अगदी घरगुती होती. ऑग्यूस्त ल्युमिएर व त्याची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला, आंद्रेला, भरवत आहेत. बस्स, एवढाच प्रसंग. कालावधी एक मिनिटाहूनही कमी. आज ज्याला आपण कौटुंबिक लघुपट म्हणतो, तो चित्रपटाच्या पहिल्याच खेळात हजर होता.

३/
ही आंद्रे पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, ऐन तारुण्यात वारली. तिचे तान्हेपण मात्र त्या चित्रफितीत आजही जसेच्या तसे पाहता येते. चित्रपट ही बालपणाची नोंद असू शकते, हे या एका उदाहरणाने पुरेसे स्पष्ट होते. अर्थात, ती नोंद यंत्राच्या मालकाच्या मुलीची होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

४/
७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएरांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्यानंतर तीनच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले, त्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. मराठी माणसाच्या हाती कॅमेरा आला तो असा. परंतु त्याची नजर अद्याप सार्वजनिक प्रसंगांवर होती. घराचा उंबरठा त्याने ओलांडला नव्हता.

५/
तो उंबरठा ओलांडला त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी प्रथम पौराणिक कथेला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपट्याची एकेक चौकट टिपली. जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रफितीचे नाव ‘अंकुराची वाढ’. ती पाहून भांडवल देणाऱ्यास विश्वास वाटला आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला.

६/
भारतीय कथापटाच्या आधी एका अंकुराच्या वाढीचा लघुपट उभा आहे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. वाढ ही डोळ्यांना दिसत नाही. ती वेळेचा संकोच केल्यावरच दिसते. पुढे शंभर वर्षे तरुण दिग्दर्शक लघुपटातून मुलाची वाढ दाखवत आले, तेव्हा त्यांनीही याहून वेगळे काही केले नाही.

७/
फाळके यांचा चित्रपट-उद्योग हा अक्षरशः घरचा उद्योग होता. सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडत, रसायने तयार करण्यास मदत करत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळत. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये रोहिदासाची भूमिका त्यांच्या भालचंद्र या मुलाने केली. पडद्यावर मरण पावणाऱ्या मुलाच्या भूमिकेसाठी इतर पालक आपले मूल देण्यास धजत नव्हते, असे सांगितले जाते.

८/
‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी. हा चित्रपट बऱ्याच अंशी टिकून आहे. त्यामुळे शतकापूर्वीच्या एका मराठी मुलीचा खोडकरपणा, तिचे हसणे आजही पाहता येते. कथा पुराणातली, पण पडद्यावरचे बालपण खरे. येथेही मूल चित्रपटकर्त्याच्याच घरचे होते.

९/
यानंतरचा अडसर पैशाचा. ३५ मिलीमीटर फिल्म, ती धुण्याची प्रयोगशाळा, संकलनाची यंत्रे, सारेच महाग. १९२३ मध्ये १६ मिलीमीटर आणि १९३२ मध्ये ८ मिलीमीटर फिल्म बाजारात आली, तेव्हा जगभर हौशी घरगुती चित्रणाला सुरुवात झाली. भारतात ही हौस संस्थानिक, व्यापारी आणि मोजक्या सुखवस्तू कुटुंबांपुरतीच राहिली. शेतकऱ्याच्या घरात तो कॅमेरा पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

१०/
त्याच काळात वाटूरचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची प्रमुख भाषा उर्दू. घरात मराठी बोलणारे मूल शाळेत उर्दूची अक्षरे गिरवी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. परतूर तालुका तेव्हा परभणीत होता. जालना जिल्हा निर्माण झाला तो १ मे १९८१ रोजी.

११/
म्हणजे एकाच गावात, एकाच घरात राहून एका पिढीने तीन राज्ये पाहिली. त्या पिढीचे बालपण कसे होते? घरात एक भाषा आणि पाटीवर दुसरी, हे त्या मुलांना कसे वाटे? कागदपत्रे, आठवणी, आत्मचरित्रे यांतून काही हाती लागते. पण त्या मुलांचा चालता-बोलता चेहरा सहसा कोठेही सापडत नाही, कारण त्यांच्या घरात कॅमेरा नव्हता.

१२/
स्वातंत्र्यानंतर लघुपट सर्वदूर पोहोचला तो सरकारी मार्गाने. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी अनुबोधपट किंवा वृत्तचित्र दाखवणे बंधनकारक राहिले. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहणाऱ्यांची दुनिया याहून निराळी. त्या फिरत्या तंबूंचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्राच्या पार्श्वभूमीवर टिपले आहेत.

१३/
सरकारी अनुबोधपटांत धरण होते, शेती होती, कुटुंबनियोजन होते. त्यांत मूलही दिसे, परंतु बहुधा उपदेशाचा विषय म्हणून. मुलाच्या मनात काय चालले आहे हे सांगण्याचे काम मोठ्या कथापटाने केले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आठवणींवर तो आधारला होता. आई आणि मुलगा हा विषय अशा प्रकारे मराठी चित्रपटाच्या केंद्रस्थानी आला.

१४/
लघुपटाला स्वतंत्र घर मिळाले ते पुण्यात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली व १९३३ मध्ये पुण्यास आली. तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. शिक्षणक्रम संपताना प्रत्येक विद्यार्थ्याने करावयाचा पदविकापट हा तेथील रिवाज. पंचविशीतल्या तरुणाला सांगण्यासारखी सर्वांत जवळची गोष्ट कोणती? बहुधा त्याचे स्वतःचे घर. म्हणून जगभरच्या चित्रपटशाळांतून बालपणाच्या कथा वारंवार येतात.

१५/
या परंपरेतील ठळक मराठी नाव म्हणजे उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’. विधवा आई पोटापाण्यासाठी घरात पिठाची गिरणी आणते. तिच्या दृष्टीने ती गिरणी म्हणजे आधार. मुलाच्या दृष्टीने ती म्हणजे आवाज, पिठाचे डबे आणि मित्रांतली नामुष्की. दोघांचेही खरे आहे, आणि म्हणूनच कथा बोचते. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुढे ‘विहीर’ या कथापटातही कुलकर्णी किशोरवयाच्या प्रश्नांकडे वळले.

१६/
२००८ च्या सुमारास यंत्रे बदलली. स्थिरचित्रांच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत उत्तम चलच्चित्रण होऊ लागले आणि यूट्यूबची भारतीय आवृत्ती सुरू झाली. फिल्म विकत घेणे नको, प्रयोगशाळा नको, वितरक नको. पुणे–मुंबईच्या बाहेर राहणाऱ्या तरुणांसाठी हा बदल मोठा होता.

१७/
या संधिकालातले नाव नागराज मंजुळे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचा हा तरुण अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होता. तेथील प्रकल्प म्हणून त्याने ‘पिस्तुल्या’ केला. पारधी समाजातल्या एका मुलाला शाळेची ओढ आहे आणि परिस्थिती आड येते, एवढेच सूत्र. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार त्यास मिळाला.

१८/
‘पिस्तुल्या’चे ऐतिहासिक वजन समजण्यासाठी १८७१ कडे जावे लागते. ब्रिटिशांनी त्या वर्षी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारधी समाजातील गटही त्यात आले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र गावागावांत उरला. पोलीस दप्तरांत ज्या समाजाची नोंद संशयित म्हणून झाली, त्याच समाजातील मूल येथे कथेचा नायक झाले. पिस्तुल्या साकारणारा सूरज पवार पुढे ‘फँड्री’ व ‘सैराट’मध्येही दिसला.

१९/
मंजुळे यांचाच ‘पावसाचा निबंध’ (२०१७). शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे आणि मुलाच्या घराचे छप्पर गळते आहे. बाप दारू पिऊन पावसात पडला आहे. त्याला आई आणि मुले घरी आणतात. निबंधाच्या वहीत पाऊस रम्य असतो, घरात तो संकट असतो. ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचा सन्मान या लघुपटास मिळाला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या आदित्य जांभळे यांच्या ‘खरवस’ला सर्वोत्तम लघुकथापटाचा पुरस्कार लाभला.

२०/
हाच निबंध वाटूरच्या मुलाने लिहिला तर तो निराळा होईल. मराठवाड्यात पावसाची भीती क्वचित, वाट पाहणे नित्याचे. १९७२ चा दुष्काळ आजी-आजोबांच्या बोलण्यात अजूनही येतो. २०१२-१३ चा दुष्काळ आज विशीत असलेल्यांनी स्वतः पाहिला. जालना तेव्हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. टँकरमागे हंडा घेऊन धावणे हाही बालपणाचाच प्रसंग आहे.

२१/
दुसरा विषय ऊसतोडीचा. जालन्यासह मराठवाड्यातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. मूल सोबत गेले तर शाळा सुटते, मागे राहिले तर आई-बाप सुटतात. अर्धे वर्ष एका घरात आणि अर्धे पाचटाच्या कोपीवर वाढणाऱ्या या मुलांचे बालपण त्यांच्याच नजरेने सांगितले गेल्याची उदाहरणे अद्याप थोडी आहेत.

२२/
या मातीत सांगण्याची ताकद नाही असे मात्र म्हणता येणार नाही. याच जिल्ह्यातील जांबसमर्थचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक नंदू माधव यांनी २०१२ मध्ये रंगमंचावर आणले. जालन्याच्या ग्रामीण भागातील तरुण कलावंतांनी ते आपल्याच बोलीत सादर केले आणि राज्यभर गाजवले. नाटकाने जे केले ते लघुपटालाही साध्य आहे.

२३/
आता प्रश्न उरतो टिकण्याचा. ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपूर्ण स्वरूपातच उपलब्ध आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पण तोवर मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट झाला होता. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ प्रतीही त्यात जळाल्या. संस्थेच्या ताब्यातले चित्रपट असे जातात, तर मोबाईलमधल्या फिती किती दिवस राहणार?

२४/
फुटलेला मोबाईल, विसरलेला पासवर्ड, भरलेली मेमरी म्हणून पुसलेली फाईल, ही आजची आग आहे. ती बातमीत येत नाही. म्हणून घरातल्या माणसांचे चित्रण करणाऱ्या प्रत्येक तरुणाने चार गोष्टी कराव्यात : दिनांक, गाव आणि व्यक्तीचे नाव फाईलला द्यावे, ज्याचे चित्रण केले त्याची संमती घ्यावी, मूळ फाईल न कापता वेगळी ठेवावी, आणि तिची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

२५/
पाटीवर उर्दू गिरवलेल्या पिढीतले जे थोडे लोक आज हयात आहेत, ते नव्वदीच्या आसपास पोहोचले आहेत. त्यांना पहिल्या शाळेविषयी, मास्तरांविषयी, १९४८ च्या सप्टेंबरातील त्या दिवसांविषयी विचारण्यास आता फार अवधी उरलेला नाही. आंद्रे ल्युमिएरचे बालपण तिच्या वडिलांकडे यंत्र होते म्हणून उरले. वाटूरच्या नातवंडांकडे आज यंत्र आहे, आणि प्रश्न विचारायचे माणूस अद्याप ओसरीवर बसलेले आहे. (समाप्त)