लांसेरो

लांसेरो : क्यूबात हाताने वळल्या जाणाऱ्या सिगारचा लांब, सडपातळ पारंपरिक आकार (→ सिगार). हाव्हाना येथील एल लागितो कारखान्यात तो १९६० नंतरच्या दशकात रूढ झाला. कारखान्यातील त्याचे नाव ‘लागितो क्र. १’. तेथील कोहिबा छापाचे सिगार आरंभी क्यूबाचे नेते फिदेल कास्त्रो व राजनैतिक भेटवस्तू यांसाठीच वळले जात. १९८२ पासून ते खुल्या विक्रीस आले.

लांबी १९२ मिमी., जाडी ३८ (इंचाचा चौसष्टावा भाग हे एकक, म्हणजे सु. १५ मिमी.). ‘लागितो क्र. २’ तितक्याच जाडीचा, पण १५२ मिमी. लांब असतो. बारीक घेरामुळे आतील पानांच्या तुलनेत वेष्टनपानाचे प्रमाण वाढते व चवीवर त्याचाच ठसा उमटतो. वळणाऱ्याचे खरे कसब येथेच लागते : भरण किंचित घट्ट झाले तरी धूर ओढला जात नाही, सैल राहिले तर सिगार तापून चव कडवट होते. म्हणून निवडताना तो टोकापासून टोकापर्यंत बोटांनी हलकेच चाचपतात. मध्ये गाठ वा पोकळी नसावी, वेष्टन अखंड व किंचित तेलकट असावे.

अलीकडे जाड सिगारांना मागणी वाढल्याने हा आकार मागे पडला आहे. मराठी मुलखालगतच्या निपाणी भागातील तंबाखू बिडीचा आहे, सिगारचा नव्हे (→ बिडी). भारतात सिगार-चिरुटाच्या तंबाखूची लागवड तमिळनाडूतील दिंडीगल भागात होते (→ तंबाखू). सिगारचा धूर छातीत न घेताही तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका राहतो. भारताचा २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा सिगारलाही लागू आहे.