कागदी टोपी : एका बालोद्योगाचा इतिहास

टपालवाला, पोलीस, अग्निशामक, परिचारिका इत्यादी समाजाच्या मदतनिसांच्या कागदी टोप्या मुलांकडून करवून घ्याव्यात आणि त्या घालून त्यांना त्या त्या व्यवसायाचे सोंग आणू द्यावे, हा परिपाठ बालवाड्यांतून व प्राथमिक शाळांतून रूढ आहे. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या उद्योगात दोन भिन्न शैक्षणिक विचारांचा संगम झालेला आहे; महाराष्ट्रात तर त्याला आणखी एक सामाजिक अर्थही प्राप्त होतो.

पहिला विचार जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांचा. १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी आपल्या कार्यास आरंभ केला आणि १८४० मध्ये त्या संस्थेस ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. कागदाच्या घड्या घालणे, तो कापणे व विणणे यांचा त्यांनी बालोद्योगांत समावेश केला. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मातृगीतांच्या संग्रहात सुतार, कोळसे पाडणारा असे श्रमजीवीही येतात. मात्र तेथे कारागीर हा मुख्यतः एका नैतिक तत्त्वाचे प्रतीक असतो. त्याच्या कामाचे ज्ञान हा त्या गीताचा हेतू नव्हे.

दुसरा विचार अमेरिकेत उदयास आला. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात काढलेल्या प्रयोगशाळेत मुले स्वयंपाक, विणकाम व सुतारकाम प्रत्यक्ष करीत. कॅरोलाइन प्रॅट यांनी १९१४ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापिलेल्या शाळेत पुढे वरच्या वर्गांतील मुलांकडे शाळेचे टपाल, साहित्याचे दुकान व छापखाना ही कामे सोपविण्यात आली. लूसी स्प्राग मिचेल यांनी १९२१ च्या आपल्या कथासंग्रहात परीकथांऐवजी मुलांच्या भोवतालचे जग आणले. कुटुंब, शाळा, परिसर अशा विस्तारत जाणाऱ्या वर्तुळांतून समाजाचा परिचय करून देण्याची पद्धती अमेरिकेतील प्राथमिक शिक्षणात रूढ झाली, आणि ‘समाजाचे मदतनीस’ हा तिच्यातील ठरलेला पाठ बनला.

वर्गात टपालकचेरी चालविणे कष्टाचे आहे. टपालवाल्याची टोपी करणे मात्र सोपे. त्यामुळे फ्रोबेलच्या कागदकामाने ड्यूईच्या विषयाला सुलभ साधन पुरविले खरे. परंतु या व्यवहारात काम मागे पडून कामाची खूण तेवढी पुढे आली.

महाराष्ट्रात या खुणेला निराळेच वजन होते. शिरोभूषण हे येथे व्यवसायाबरोबरच जातीचे व दर्जाचेही निदर्शक असे. पगडी, पागोटे, मुंडासे यांच्या आकारावरून आणि बांधणीवरून मनुष्याचे समाजातील स्थान ओळखले जाई. गावगाड्यातील बलुतेदार हेही गावाचे मदतनीसच. परंतु त्यांचे काम वंशपरंपरेने ठरलेले होते. १९२०–२१ च्या असहकार चळवळीत पसरलेल्या खादीच्या गांधी टोपीने हे भेद डोक्यावरून तरी पुसण्याचा प्रयत्न केला. या पार्श्वभूमीवर कोणत्याही घरच्या मुलाने कोणत्याही व्यवसायाची टोपी डोक्यावर ठेवावी, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. व्यवसाय जन्माने मिळत नाही, तो निवडता येतो, हा धडा त्या कागदात घडी घालून ठेवलेला आहे.

तथापि या धड्यात एक उणीव आहे. टोपी ज्याला आहे तोच मदतनीस म्हणून मुलांपुढे येतो. पोलीस व टपालवाला हे आधुनिक शासनव्यवस्थेचे गणवेशधारी सेवक होत. परिचारिकेची पांढरी टोपी अनेक रुग्णालयांतून नाहीशी झाली, तरी वर्गातील कागदात ती टिकून आहे. उलट गटारे उपसणारा, मैला वाहणारी, घरोघर भांडी घासणारी यांना ओळखीची अशी टोपी नाही. म्हणून त्यांना त्या रांगेत सहसा स्थानही नाही. ज्यांच्या श्रमावर गावाचे आरोग्य अवलंबून असते, तेच ‘मदतनीस’ या संज्ञेबाहेर राहतात. बलुतेदारीतील उच्चनीचता अशा रीतीने नव्या पाठातही नकळत शिरते.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले होते. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीमच्या योजनेत हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू मानला गेला, आणि सेवाग्राम येथे सफाई हा शिक्षणाचाच भाग होता. तेथे मुलांनी सफाई करणाऱ्याचे सोंग घेतले नाही. झाडू हाती घेतला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कार्यातही पाने, बिया, शिंपले अशा परिसरातील वस्तूंनाच साधनांचे स्थान मिळाले.

कागदी टोपी टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. सोंग ही बालकाची ज्ञानसाधनाच आहे. परंतु टोपी हा पाठाचा शेवट न राहता आरंभ झाला पाहिजे. तिच्यामागोमाग ते काम कसे चालते, ते कोण करतो आणि टोपी नसलेले कोण कोण आहेत, हे प्रश्न वर्गात आले, तरच फ्रोबेलचा कागद व ड्यूईचे काम यांची फारकत मिटेल.