हिरव्या आगीत कोण जळलं?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. 'गेम ऑफ थ्रोन्स' त्याने उशिरा बघायला घेतली होती आणि मी ती दोनदा बघून संपवलेली, त्यामुळे मामू-भाच्याचं चांगलं जमलं. अम्मी झोपली की आम्ही आवाज कमी करून बसायचो. त्या रात्री दुसऱ्या सीझनचा नववा भाग आला, 'ब्लॅकवॉटर'.

हा भाग पहिल्यांदा दाखवला गेला २७ मे २०१२ रोजी. पटकथा खुद्द मूळ कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची, दिग्दर्शक नील मार्शल. एरवी ही मालिका एका तासात पाच-सहा मुलुख फिरवून आणते. इथे मात्र कॅमेरा किंग्ज लँडिंग हे शहर सोडून हलतच नाही. स्टॅनिस बराथियन आपलं आरमार घेऊन राजधानीवर चालून आला आहे. आत शहराची जबाबदारी बुटक्या टिरियन लॅनिस्टरवर. त्याच्या बापाला त्याची लाज वाटते, बहीण त्याचा द्वेष करते आणि भाचा राजा आहे, तोही भित्रा. खाडीत आरमार शिरतं. समोरून एकच रिकामं जहाज येतं आणि त्यातून पाण्यावर काहीतरी हिरवट गळत असतं. आरमाराचा प्रमुख डेव्हॉस, मूळचा चोरटा माल वाहणारा दर्यावर्दी, त्याला ते कळतं. तो ओरडतो. तोवर किनाऱ्यावरून ब्रॉनचा पेटता बाण सुटलेला असतो.

मग ती हिरवी आग. भाचा खुर्चीतून उठून उभा राहिला. "मामू! काय दिमाग लावलाय यार टिरियनने!"

मी हसलो, कारण २०१२ साली पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत चार मित्रांबरोबर लॅपटॉपवर हाच भाग बघताना मीही असाच उठलो होतो. शिट्टीसुद्धा वाजवली होती. टिरियन आपला, शहर आपलं, आग आपली. आता मात्र मला ते दृश्य तसं बघता येत नाही. भाच्याने विचारलं, "तू एवढा गप्प का?" त्याला त्या रात्री जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे जरा नीट लिहितो.

ही आग कल्पनेतली नाही. मार्टिन यांनी तिला हिरवा रंग दिला आणि जादूची फोडणी दिली, पण मूळ पदार्थ इतिहासातला आहे. बायझंटाइन साम्राज्याकडे, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या रोमी बादशहांकडे, असं एक द्रव होतं जे पाण्यावरही जळत राहायचं. पितळी नळीतून, दाब देऊन, ते शत्रूच्या जहाजावर फेकायचे. युरोपात त्याला पुढे 'ग्रीक फायर' नाव पडलं. विझवायला पाणी उपयोगाचं नाही. वाळू, व्हिनेगर किंवा मूत्र. थिओफनीस नावाच्या भिक्षूने नवव्या शतकाच्या सुरुवातीला इतिवृत्त लिहिलं, त्यात या शोधाचं श्रेय कॅलिनिकॉस नावाच्या वास्तुकाराला दिलं आहे. हा कॅलिनिकॉस सीरियातल्या हेलिओपोलिसचा, म्हणजे आजच्या लेबनॉनमधल्या बालबेकचा. त्याचं गाव मुसलमानांच्या ताब्यात गेल्यावर तो पळून रोमी बादशहाकडे आला होता. म्हणजे हे हत्यार एका निर्वासिताने आणलं, आणि ते पहिल्यांदा चाललं ते उमय्यांच्या जहाजांवर. जळणारी जहाजं 'आपली' होती.

हे मला तिशीत कळलं, याचं मला आजही नवल वाटतं. कारण कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमचे नाना ती सांगायचे. प्रेषितांचे सोबती हजरत अबू अय्यूब अन्सारी, ज्यांच्या घरी प्रेषित मदिनेत आल्यावर उतरले, ते म्हातारपणी या मोहिमेवर निघाले, तिथेच आजारी पडून वारले आणि शहराच्या तटाजवळ दफन झाले. १४५३ मध्ये सुलतान मुहम्मद फातेह याने शहर जिंकलं तेव्हा त्यांची कबर 'सापडली'. आज इस्तंबूलचा तो भागच एयुप नावाने ओळखला जातो. पुढे नवा उस्मानी सुलतान तिथे जाऊन कमरेला तलवार बांधून घ्यायचा. नाना हे सगळं डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. दोन गोष्टी मात्र गाळायचे. एक, त्या मोहिमेचा सेनापती यझीद होता, तोच, ज्याचं नाव मोहर्रममध्ये आपण कशा स्वरात घेतो ते सांगायला नको. आणि दुसरी, ती आग.

आगीची खरी कहाणी ७१७-७१८ च्या मोठ्या वेढ्याची. खलिफा सुलेमानने आपला भाऊ मस्लमा याला पाठवलं. हा मस्लमा त्या काळातला नावाजलेला सेनानी, पण आई दासी होती म्हणून खिलाफतीच्या रांगेत त्याला जागा नव्हती. (टिरियनची आठवण येते ना? फक्त इथे तो तटाच्या बाहेर आहे.) तटाच्या आत तिसरा लिओ. तोही सीरियाच्या सीमेवरच्या मरशचा, अरबांची चाल ओळखून असलेला. तबरीने दिलेली हकीकत अशी की लिओने मस्लमाला निरोप धाडला : तुझ्याकडे धान्याच्या राशी आहेत तोवर माझे लोक समजणार की तू नुसता बसून राहणार, त्या जाळून टाक, म्हणजे तू निकराला आलास असं त्यांना वाटेल आणि ते शहर देतील. मस्लमाने धान्य जाळलं. शहर मिळालं नाही. ही गोष्ट शब्दशः घ्यावी असं मी म्हणणार नाही, पण आपल्याच इतिहासकाराने आपल्या सेनापतीला इतकं भोळं दाखवावं यात एक कडू प्रामाणिकपणा आहे.

त्याआधी, ३ सप्टेंबर ७१७ ला, आरमार बॉस्फरसमधून वर सरकत असताना वारा पडला. मागची वीस जड जहाजं प्रवाहात अडकली. थिओफनीस म्हणतो, प्रत्येकावर शंभर चिलखती शिपाई होते. लिओची अग्निनौका बाहेर पडली. काही जहाजं जळत तटावर आदळली, काही बुडाली, काही पेटलेल्या अवस्थेत दूरच्या बेटांपर्यंत वाहत गेली. त्याच सुमारास लिओने गोल्डन हॉर्न या खाडीच्या तोंडावरची मोठी साखळी खाली सोडायला लावली. अरबांना वाटलं हा सापळा आहे, ते आत गेले नाहीत. मार्टिन यांच्या कादंबरीत ही साखळी आहे, मात्र उलटी : टिरियन आरमार आत घेतो आणि मग मागून साखळी वर ओढतो. मालिकेने ती गाळली. मला विचाराल तर इतिहासातली साखळी जास्त चलाख. नुसत्या संशयावर तिने काम केलं.

मग हिवाळा आला. थिओफनीसच्या म्हणण्याप्रमाणे शंभर दिवस जमिनीवर बर्फ होतं. वाळवंटातून आलेली माणसं आणि जनावरं तंबूत मेली. खलिफा सुलेमान स्वतः तोवर वारला होता. नवा खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ, ज्याचं नाव आजही न्यायासाठी घेतलं जातं, त्याने शेवटी फौज परत बोलावली. १५ ऑगस्ट ७१८ ला वेढा उठला. परतीच्या वाटेवर वादळ. सीरियाला पाच जहाजं पोचली असं तो भिक्षू लिहितो. आकडे त्याने फुगवले आहेत, अठराशे जहाजं निघाली हेही तोच सांगतो. पण फौजेची दशा काय झाली याबद्दल अरबी बखरीही वेगळं बोलत नाहीत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, कुणाचा ते सांगता येणार नाही, कदाचित स्वतःच्या त्या शिट्टीचा. आपल्या लोकांच्या जळण्यावर आपण टाळ्या वाजवल्या असं काहीतरी. काही महिने मी या रागावर खूश होतो. मित्रांना ऐकवायचो की बघा, पडद्यावर आत बसलेला कायम शहाणा आणि बाहेरून येणारा कायम जळण्यासाठीच.

तो राग टिकला नाही, कारण पुढची पानं वाचली. ७१८ च्या वसंतात मस्लमाच्या मदतीला दोन आरमारं आली : इजिप्तहून चारशे जहाजं, आफ्रिकेहून तीनशे साठ. आगीची धास्ती इतकी की ती लिओच्या नजरेआड, पलीकडच्या किनाऱ्याच्या खाड्यांत लपून राहिली. आणि रात्री त्यांतले इजिप्शियन खलाशी होड्या सोडून सरळ शहराकडे गेले, बादशहाचा जयजयकार करत. ते ख्रिस्ती होते. कॉप्ट. त्यांनीच जहाजं कुठे लपली आहेत ते सांगितलं आणि लिओची नळी तिकडे वळली.

म्हणजे मी ज्या जहाजांना 'आपली' म्हणून छाती पिटत होतो, ती चालवणारे मुसलमान नव्हतेच, निदान त्या दोन आरमारांतले बरेचसे नव्हते. मग ते तिथे कसे आले? याचं उत्तर इजिप्तच्या वाळूत सापडलं. १९०१ मध्ये कोम इश्काव या गावी, जुन्या अफ्रोदितोच्या जागी, पपायरसच्या कागदांचा मोठा साठा निघाला. त्यात इजिप्तचा उमय्या सुभेदार कुर्रा बिन शरीक याने ७०९ नंतरच्या काही वर्षांत बासिल नावाच्या स्थानिक ख्रिस्ती अंमलदाराला पाठवलेली पत्रं आहेत. ग्रीक, अरबी, कॉप्टिक अशा तिन्ही भाषांतला हा पत्रव्यवहार. मागणी एकच, पुन्हा पुन्हा : दरसालच्या समुद्री मोहिमेसाठी खलाशी पाठव, सुतार पाठव, खिळे पाठव, भाकरी पाठव, उशीर का झाला, पळालेल्यांना पकड. आपल्याकडच्या वेठबिगारीचे जुने हुकूम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा सूर नवा वाटणार नाही.

त्यातलं एक पत्र मला विसरता येत नाही. मुसा बिन नुसैरने आफ्रिकेतून एका सरदाराबरोबर समुद्री मोहीम काढली होती, तिच्यावर गेलेले खलाशी घरी आले नाहीत. सुभेदार बासिलला लिहितो की तुझ्या हद्दीतले किती परत आले, किती तिकडेच राहिले, का राहिले, आणि तिथे व वाटेत किती मेले, ते सगळं लिहून पाठव. या चौकशीत माया नाही. त्याला पुढच्या वर्षीची भरती करायची आहे. तरी मला वाटतं, त्या सगळ्या काळात मेलेल्या खलाशांची मोजदाद कुणी मागितली असेल तर ती इथे, एका करवसुलीच्या कागदात.

नाना हे सगळं वाचायला हयात नव्हते, पण हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं असतं. ते रत्नागिरीकडचे. आमच्या भागातल्या कितीतरी कोकणी मुसलमान घरांप्रमाणे तेही तरुणपणी मुंबईला जाऊन गोऱ्यांच्या आगबोटीवर खलाशी झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची बोट टॉर्पेडोने फुटली. ते डेकवर होते म्हणून वाचले. इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांना 'आगवाले' म्हणत. नाना म्हणायचे, "बोट फुटली की आगवाला वर येत नाही." एवढंच. अबू अय्यूब अन्सारींवर तासभर बोलणारा माणूस स्वतःच्या बोटीवर एका वाक्यात थांबायचा. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. मी तिथे एकदा गेलो होतो. कुणाच्या युद्धात, कुणासाठी, हे प्रश्न नानांनी आमच्यासमोर कधी काढले नाहीत. पगार चांगला होता, म्हणायचे.

आणि आग एका बाजूचीही राहिली नाही. अब्बासींच्या फौजेत 'नफ्फातून', म्हणजे नफ्त फेकणाऱ्यांची स्वतंत्र तुकडी असे. (हाच 'नफ्त' शब्द आपल्या कपाटातल्या नॅप्थॅलीनच्या गोळ्यांत अजून टिकून आहे.) ११९० मध्ये अक्काच्या वेढ्यात क्रूसेडवाल्यांचे तीन प्रचंड लाकडी बुरूज दमास्कसच्या एका तांबटाच्या पोराने असल्याच मडक्यांनी जाळले, आणि सुलतान सलाहुद्दीनने देऊ केलेलं इनाम त्याने नाकारलं. ही गोष्ट आपल्या बयानांत येते. ११६८ ची येत नाही. त्या साली फातिमी वजीर शावर याने, क्रूसेडवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून, आपलंच फुस्तात शहर पेटवलं. मकरीझी लिहितो : नफ्ताची वीस हजार मडकी, दहा हजार मशाली, आणि चोपन्न दिवस जळणारं शहर. आजचे अभ्यासक इतका मोठा आकडा मानत नाहीत. पण 'गेम ऑफ थ्रोन्स' बघणाऱ्याला इथे वेडा राजा एरिस आठवल्याशिवाय राहणार नाही. ती हिरवी आग त्यानेच शहराखाली पुरून ठेवली होती, आपल्याच प्रजेसाठी.

त्या भागाच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. मी पहिल्या वेळी शिट्टी वाजवली हा माझा दोष, मार्शल यांचा नव्हे. त्यांनी स्फोटानंतर कॅमेरा टिरियनच्या चेहऱ्यावर नेला आहे आणि तिथे विजय नाही. खूश दिसतो तो एकटा जोफ्री. डेव्हॉसचा मुलगा मॅथॉस त्या ज्वाळेत जातो, बाप पाण्यात फेकला जातो. आणि 'हाउंड', ज्याचा चेहरा लहानपणीच सख्ख्या भावाने विस्तवात धरला होता, एवढा दांडगा माणूस, तो आग बघून लढाईच सोडून देतो. राजाला शिवी घालून चालता होतो. सगळ्या भागात मला आता तोच एक शहाणा वाटतो.

भाचा बराच वेळ मोबाइलवर कोम इश्काव शोधत होता. मग म्हणाला, "नानांची बोट कुठे फुटली होती, अम्मीला माहीत असेल?" मी म्हटलं, सकाळी विचारू. त्याने रिमोट उचलला, भाग मागे नेला आणि डेव्हॉस ओरडतो तिथे थांबवला. आवाज बंद होता. जहाजावरचे लोक पाण्याकडे वाकून बघत होते.